बांधला, घातला, पांघरला

"बूट नेसत नाहीत, रायसा येगोरोव्हना! बूट नेसत नाहीत!"

झेंटाने पेन्सिल टेबलावर आपटली. टोक मोडून काकडीच्या लोणच्याच्या बशीत जाऊन पडलं.

"मग काय करतात?" रायसाने विचारलं.

"चढवतात. पायांत चढवतात. कोट घालतात, टोपी ठेवतात, हातमोजे सरकवतात, घागरा नेसतात. किती वेळा सांगायचं?"

"आमच्या रशियनमध्ये सगळ्याला एकच क्रियापद आहे," रायसा म्हणाली. "बूट असो, टोपी असो, नाहीतर अंगठी असो. एकदा शिकलं की मरेपर्यंत पुरतं."

"म्हणूनच दुसरं शिकायची गरज पडली नाही तुम्हाला. पन्नास वर्षं!"

चौकटीच्या वहीत रायसाने खाली मान घालून लिहिलं: बूट चढवतात. मग कंसात रशियनमध्ये आणखी काहीतरी लिहिलं. ती शिवी असावी, असं झेंटाला वाटलं.

लॅटव्हियात, येल्गावा शहरातल्या त्या पाच मजली विटकरी इमारतीत झेंटा दुसऱ्या मजल्यावर राहायची आणि रायसा बरोबर तिच्या डोक्यावर, तिसऱ्या. झेंटा एकाहत्तर वर्षांची. सत्तावीस वर्षं प्राथमिक शाळेत लॅटव्हियन शिकवून निवृत्त झालेली. रायसा चौऱ्याहत्तरची. सरकारी दवाखान्याच्या नोंदणी खिडकीत तिचं आयुष्य गेलं होतं. शिक्षण संपलं तसं तिला रशियातल्या प्स्कोव्हहून इकडे धाडलं गेलं, इथेच तिचं लग्न झालं, इथेच नवरा गेला. देश स्वतंत्र झाल्यावर पेन्शन लवकर मिळते म्हणून तिने रशियाचा लाल पासपोर्ट घेतला. तेव्हा अनेकांनी घेतला होता. आता रशियाने शेजारच्या देशात रणगाडे घातले आणि इथे नवा कायदा आला: लाल पासपोर्टवाल्यांनी लॅटव्हियन येते हे परीक्षा देऊन सिद्ध करावं, नाहीतर देश सोडावा. पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांना सूट होती. रायसाला पंचाहत्तर पूर्ण व्हायला आठ महिने कमी पडत होते.

शरद ऋतूतल्या पहिल्या परीक्षेत ती नापास झाली होती. बोलण्यात कशीबशी निभावली, पण वाचनाच्या भागात बुडाली. एक वाक्य, मध्ये रिकामी जागा, खाली चार क्रियापदं. योग्य क्रियापदावर फुली मारा. रायसाने देवाचं नाव घेऊन फुल्या मारल्या होत्या आणि देवाला लॅटव्हियन येत नसावं. आता एकच संधी उरली होती, एप्रिलमध्ये.

जानेवारीत ती पहिल्यांदा झेंटाच्या दारात आली, तेव्हा हातात ते सरकारी पत्र होतं.

"बाई, मला शिकवा," ती रशियनमध्ये म्हणाली. शिकवणाऱ्यांना मारायची तीच हाक.

"अडतीस वर्षं आपण एक जिना वापरतो," झेंटा दारातूनच म्हणाली. "अडतीस वर्षांत एकदा तरी माझ्या भाषेत 'दिवस चांगला जावो' म्हणालात?"

"तुम्हाला रशियन येतच होतं."

"हो ना. मला येतच होतं." आणि झेंटाने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आइवार्स फाटकापाशी फावड्याने बर्फ ओढत होता. तो इमारतीच्या सोसायटीचा अध्यक्ष, पन्नाशीचा, तोंडाने मोकळा.

"झेंटाबाई, तिसऱ्या मजल्यावरची मावशी चालली म्हणे आपल्या देशात! जिना एकदाचा स्वच्छ होणार. तुम्ही तर मनातून नाचत असाल."

झेंटा खरंच खूश होती. पण तेच आइवार्सच्या तोंडून, फावड्यावर रेलून, हसत हसत आल्यावर तिला स्वतःची किळस आली. किळस सोसणं तिला कधीच जमलं नव्हतं, राग जमायचा. ती तरातरा तीन मजले चढली आणि रायसाच्या दारावर मूठ आपटली.

"मंगळवार, गुरुवार, शनिवार. दहा वाजता. एक मिनिट उशीर झाला तर दार उघडणार नाही."

"बाई, मी किती…"

"काही देऊ नका. आभारही मानू नका. मी तुमच्यासाठी करत नाहीये."

रायसा कधी उशिरा आली नाही. दहाला दोन मिनिटं कमी असताना वरचं दार वाजायचं, सपाता जिन्यावर फटफटायच्या. कधी ती कोबी भरलेल्या पाव-वड्या आणायची. झेंटा त्या ताटलीकडे बघायचीही नाही. पहिले तीन आठवडे ती ताटली तशीच वर जायची. चौथ्या आठवड्यात झेंटाने एक खाल्ली आणि म्हणाली, "मीठ कमी आहे. लिहा: मी बस चालते, यात काय चूक?"

"मी बस… पळते?"

"तुम्ही काय बसच्या मागे धावता? ड्रायव्हर बस चालवतो. तुम्ही बसने जाता."

"तो पण जातोच की तिच्याबरोबर," रायसा कुरकुरली.

झेंटाला हसू आलं. ते तिने खोकल्यात बुडवलं.

रायसा हुशार होती, हे तिला कबूल करावं लागलं. पाच दशकं नावं, पत्ते, आजार रजिस्टरात भरलेली बाई. ती क्रियापदंसुद्धा रकान्यांत मांडायची. डावीकडे वस्तू, उजवीकडे तिला लागणारं क्रियापद. दिवा लावतात, दार लावतात, पण चूल पेटवतात. शपथ घेतात, शब्द देतात. मार्चपर्यंत तिच्या फुल्या दहातल्या सात बरोबर यायला लागल्या.

मार्चमध्येच, बाहेर बर्फाचा चिखल झालेला असताना, शरीराचा धडा आला.

"दात ___," झेंटाने वाचलं. "ठणकतो, सलतो, जळतो, खाजतो."

"दुखतो कुठाय?"

"दुखतो नाहीये पर्यायांत."

"कमाल आहे." रायसाने चष्मा काढला. "आम्ही दवाखान्यात एवढंच लिहायचो. पोट दुखतं. डोकं दुखतं. लोक खिडकीशी येऊन कहाण्या सांगायचे, असं होतंय, तसं होतंय. मी म्हणायचे, दुखतं ना? झालं तर. पुढचा!"

झेंटा उठली. किटलीखालचा गॅस बंद केला. पुन्हा लावला. पुन्हा बंद केला.

"फेब्रुवारी एक्क्याऐंशी," ती म्हणाली. आता ती रशियनमध्ये बोलत होती. "दोन नंबरची खिडकी. माझी आई खेड्यातून पहाटेच्या बसने आली होती. तुमच्यासमोर वाकून तिने सांगितलं की पोटात सलतंय, आतून सुरी फिरवल्यासारखं. लॅटव्हियनमध्ये सांगितलं. तिला दुसरी भाषाच येत नव्हती. तुम्ही वरसुद्धा पाहिलं नाहीत. म्हणालात, 'माणसांच्या भाषेत बोला.'"

रायसाने वहीवरचा हात मागे घेतला.

"रांगेतली माणसं हसली. आईने तिला येणारे दोन रशियन शब्द जोडले: पोट, दुखतं. तुम्ही तेवढंच लिहिलंत आणि चार दिवसांनंतरची चिठ्ठी हातावर ठेवलीत. ती बाकावर जाऊन बसली. तिचा तो मोठा, शालीएवढा लोकरी लाकात्स होता, करडा. तो पांघरून बसली, अशी, इथपर्यंत ओढून. मला म्हणाली, चल, गाडी चुकेल. तिसऱ्या दिवशी आतडं फुटलं. जगली, शिवण घालून, वाकून, सोळा वर्षं जगली. पण त्या दिवसानंतर कुठल्याच खिडकीशी बोलली नाही. टपालात नाही, बँकेत नाही. मला पुढे करायची."

"मला आठवत नाही," रायसा म्हणाली.

"काय?"

"आठवत नाही, बाई. खोटं कशाला बोलू? दिवसाला दोनशे माणसं यायची. आम्ही सगळ्याच जणी तसं बोलायचो."

झेंटाचा आवाज चिरकला. "अडतीस वर्षं मी रोज तुम्हाला जिन्यात बघतेय! तुमच्या पिशवीत काय आहे, तुम्हाला खोकला झालाय की नाही, सगळं मला माहीत. आणि तुम्हाला आठवतसुद्धा नाही?"

"मग ओरडा!" रायसाही उभी राहिली. "अडतीस वर्षं तोंड शिवून कशाला बसलात? मी एकतीस वर्षांची होते, मला तिथे बसवलं, कोणी सांगितलं नाही की आणखी एक भाषा लागेल! आणि तुम्ही? तुम्ही कुठे होता त्या दिवशी? तुम्हाला रशियन येत होतं ना? तुम्ही का नाही सांगितलंत, की सलतंय?"

झेंटाने ठिबकणारा नळ घट्ट पिळला.

"मी तिच्या शेजारीच होते," झेंटा म्हणाली. "मी तुमची माफी मागितली. म्हणाले, माफ करा, गावंढळ आहे ती." ती भिंतीकडे वळली. "निघा आता."

रायसा निघाली. वही टेबलावरच राहिली. झेंटाला वाटलं, संपलं. पण गुरुवारी दहाला दोन मिनिटं कमी असताना वरचं दार वाजलं. रायसा आत आली, खुर्चीवर बसली, वही उघडली.

"दात ठणकतो," ती तुटक लॅटव्हियनमध्ये म्हणाली. "काटा सलतो. पोट पण सलतो."

"सलतं," झेंटा म्हणाली. "पोट सलतं."

"लाकात्सला काय लागतं?"

"लाकात्स दोन तऱ्हेचा," झेंटा कोरडेपणाने म्हणाली. "लहान असला तर डोक्याला बांधतात. मोठा, लोकरी असला तर अंगावरून पांघरतात. शब्द तोच."

रायसाने दोन्ही लिहून घेतलं.

परीक्षा एका शाळेत होती. झेंटा बरोबर गेली. का, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही. ओठ रंगवलेल्या, केस बसवलेल्या म्हाताऱ्या व्हरांड्यात दाटीने उभ्या होत्या. कोणाच्या हातात शांत राहायचे थेंब, कोणाच्या हातात उगाचच जुनी प्रशस्तिपत्रकं. एक म्हातारा ट्रॉलीबस ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून महिन्यांची नावं पाठ म्हणत होता. विशीतली एक मुलगी यादी घेऊन दारात आली आणि एकेकाला पासपोर्ट उघडून उंच धरायला लावू लागली. झेंटाने शाळेत कधी सहा वर्षांच्या पोरांनासुद्धा असं उभं केलं नव्हतं.

रायसा बाहेर आली तेव्हा तिच्या गालांवर लाल चट्टे होते.

"सोपं होतं," ती म्हणाली. "बूट आला होता. चढवला."

निकाल तीन आठवड्यांनी आला. ऐकणं पास, लिहिणं पास, बोलणं चांगलं. वाचनात एक गुण कमी. एकूण शेरा: अनुत्तीर्ण. खाली ओळ होती, की तीस मेपर्यंत देश सोडावा.

"कुठलं चुकलं?" झेंटाने विचारलं. "आठवा. एकेक वाक्य सांगा."

रायसाला सगळं आठवत होतं. तिने पंधरा वाक्यं सांगितली. चौदा बरोबर होती किंवा स्पष्ट चूक. मग पंधरावं.

"बाहेर वारा होता. आजीने लाकात्स, रिकामी जागा. बांधला, घातला, पांघरला, चढवला."

"मग?"

"पांघरला."

झेंटा खुर्चीत बसली. "त्यांना 'बांधला' हवं असणार. पुस्तकात तेवढंच असतं. तुम्ही दोन्ही लिहून घेतलं होतंत ना?"

"हो. मला दोन्ही माहीत होतं. बराच वेळ थांबले तिथे." रायसा हळू बोलत होती. "पण आजी म्हटल्यावर, बाई, मला एकच दिसली. तुम्ही सांगितलेली. बाकावर बसलेली. तिने बांधला नव्हता ना?"

"मूर्ख बाई!" झेंटा ओरडली. "परीक्षेत माझी आई कुठून आली? चाळीस वर्षं तुम्हाला ती दिसली नाही आणि नेमकी त्या दिवशी दिसली? फुली मारायची होती! एक फुली!"

"ओरडा," रायसा म्हणाली. "बरं वाटतं, तुम्ही ओरडलात की."

सोमवारी झेंटा रीगाला गेली. पिशवीत शब्दकोशाचा जाड खंड होता. बसमध्ये तो मांडीवर घेऊन ती ताठ बसली. कचेरीतला तरुण अधिकारी सभ्य होता. पेपर दाखवता येतो, प्रत देता येत नाही, असं म्हणून त्याने रायसाचं अधिकारपत्र दोनदा वाचलं आणि पेपर समोर ठेवला. पंधराव्या वाक्यावर लाल रेघ होती.

झेंटाने शब्दकोश उघडला. "वाचा. लाकात्स, अर्थ दुसरा. मोठं लोकरी वस्त्र, खांद्यांवरून पांघरायचं."

त्याने वाचलं. "हो, असंही म्हणतात."

"मग गुण द्या."

"उत्तरसूची समितीने मंजूर केलेली आहे, मॅडम. उत्तरसूचीत 'बांधला' आहे."

"माझी आई ऐंशी वर्षं लाकात्स पांघरत होती. ती चुकीचं बोलत होती?"

"तुमच्या आईचा प्रश्नच येत नाही, मॅडम. ही परकीयांची परीक्षा आहे. आणि परीक्षार्थी तुम्ही नाही."

"मी शिकवलंय तिला!" कचेरीतली सगळी डोकी वर झाली. झेंटाला त्याची पर्वा नव्हती. आज आवाज तिचा होता आणि भाषाही तिची. "चूक असेल तर माझी आहे. मला नापास करा. मला काढा देशाबाहेर! आमच्या तोंडची भाषा वाचवायची म्हणून हे सगळं चाललंय ना तुमचं? मग ती भाषा कोणीतरी शिकून आलंय, तुमच्या समितीपेक्षा जास्त शिकून आलंय, आणि तुम्ही त्यावर लाल रेघ मारता?"

अधिकारी लाल झाला. "तुम्ही अपील करू शकता," तो म्हणाला आणि ड्रॉवरमधून एक कोरा अर्ज काढला.

झेंटाने तिथेच उभं राहून तो भरला. अक्षर पाटीवर काढावं तसं, मोठं आणि टपोरं.

अपिलाचा निकाल तीस मेपर्यंत आला नाही.

"थांबा," झेंटा म्हणाली. "अपील चालू असताना कोण हात लावतंय तुम्हाला? मी दारात उभी राहीन."

रायसाचं घर आवरून झालं होतं. खुर्च्यांवर चादरी घातल्या होत्या. प्स्कोव्हला तिची भाची ल्युदा होती, दोन खोल्यांत चार माणसं.

"पत्रात तारीख आहे, बाई. आणि कोणी गणवेशातलं वर आलं, आइवार्स खाली उभा राहून बघतोय, शेजारपाजार दारं किलकिली करतोय… नको. मी पन्नास वर्षांपूर्वी आले तीही कागदावर नाव लिहून, कोणीतरी पाठवलं म्हणून. जाताना तरी माझ्या पायांनी जाते."

"पळून जाताय."

"बसने जातेय," रायसा म्हणाली. लॅटव्हियनमध्ये, बरोबर.

झेंटा तिला सोडायला खाली गेली नाही. इतका राग आला होता, की खिडकीशीही गेली नाही. फक्त सपातांऐवजी बुटांचा आवाज जिन्यावरून उतरत गेला, तो तिने शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला.

सात जुलैला पत्र आलं. समितीने विचार करून दोन्ही पर्याय ग्राह्य धरले होते. परीक्षार्थी उत्तीर्ण.

झेंटाने प्स्कोव्हला फोन लावला. चौथ्या वेळी लागला.

"पास झालात," ती म्हणाली. "ऐकू येतंय का? पास! परत या."

तिकडे रायसाने टीव्हीचा आवाज कमी केला.

"राहण्याचा परवाना तर रद्द झाला, बाई," रायसा म्हणाली. "ल्युदाने चौकशी केली. आता नवा अर्ज करायचा, नवा व्हिसा, मग सीमेवर रांग. परवा एक बाई तिथे चौदा तास उभी होती. माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत."

"मी अर्ज लिहिते."

"लिहा. तुमचं अक्षर छान आहे." मग लॅटव्हियनमध्ये, एकेक शब्द तोलून म्हणाली, "पण मी वाट बघणार नाही. वाट बघितली की सलतं."

वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

"एक विचारू?" रायसा पुन्हा रशियनवर आली. "ऑगस्टमध्ये दफनभूमीत सगळे आपापल्या माणसांच्या कबरी सजवायला जातील. माझा गेना एकटाच राहील. त्याच्या कबरीवर तेवढी वाळू…"

"मी नाही जाणार," झेंटा म्हणाली. "माझी स्वतःची माणसं आहेत. तुमच्या नवऱ्याशी मी आयुष्यात दोन शब्द बोलले नाही. तुमचं तुम्ही येऊन करा." आणि फोन ठेवून दिला.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी ती आईची कबर साफ करायला म्हणून दाताळं, बादली आणि झेंडूची चार रोपं घेऊन निघाली. आईचं झाल्यावर ती घराकडे वळली नाही. पाइनच्या झाडांखालून पलीकडच्या भागात गेली, जिथे रशियन अक्षरांतली नावं होती. गेनाची जागा शोधायला तिला पाऊण तास लागला. कुंपणाचा निळा रंग उडाला होता, पाचोळा घोट्यापर्यंत साचला होता.

"पाचोळा बघा किती," ती दगडावरच्या फोटोला रागाने म्हणाली. "आणि म्हणे तेवढी वाळू."

तिने पाचोळा ओढून काढला, दोन बादल्या पिवळी वाळू आणून पसरली, उरलेलं एक रोप लावलं. मग दाताळं घेऊन इथल्या रिवाजाप्रमाणे, आपलं पाऊल मागे राहू नये म्हणून, मागे मागे सरकत वाळूवर सरळ रेघा ओढत निघाली, आईच्या जागेवर ओढल्या होत्या तशाच. कुंपणाच्या फाटकापाशी पोचल्यावर पाहिलं, तर मधोमध तिच्याच बुटाचा एक ठसा राहून गेला होता. ती आत गेली, तो मोडला, आणि सगळ्या रेघा पहिल्यापासून पुन्हा ओढल्या.